कोळीवाड्याचा पुनर्विकास: घर मिळेल, बोंबील कुठे वाळवायचे?

सागरिका_को

आमच्या नगरपरिषदेचा मसुदा विकास आराखडा हरकती-सूचनांसाठी खुला झालाय. गावाचं नाव मुद्दाम देत नाही; उत्तर कोकणातलं, समुद्राला चिकटलेलं, एवढं पुरे. नकाशात कोळीवाडा पिवळा, म्हणजे रहिवासी. त्याच्या पश्चिमेला आमचं खळं आहे. तिथे वलांड्यांवर, म्हणजे बांबू-दोरीच्या मांडणीवर, बोंबील लागतात, खाली जवळा पसरतो, सावलीला बसून माणसं जाळी शिवतात, पावसाळ्यात होड्या ओढून झाकून ठेवतात. ते सगळं हिरवं: 'उद्यान व सागरी विहारपथ'. बंदराकडे उतरणाऱ्या वाटेच्या तोंडावर वाहनतळ.

घरांचं म्हणाल तर समूह पुनर्विकास, इमारती, प्रत्येक कुटुंबाला सदनिका. माहिती द्यायला सभा झाली. 'सर्वसमावेशक विकास' इतक्या वेळा म्हणून झालं की मागे बसलेली पोरं मोजायला लागली. माझ्या आत्याने उठून विचारलं, "घर देताव ता बरा हाय, पन मावरा सुकवाचा कुठं? ग्यालरीन?" सगळे हसले, व्यासपीठावरचेही हसले आणि पुढचा प्रश्न घेतला.

माझं मत सांगून टाकते. पक्कं घर, घरात संडास, नळाला रोज पाणी हे मला हवंच आहे. पण घर देताना धंद्याची जागा काढून घेणार असाल तर आम्हाला सामावून घेतलं असं म्हणू नका. हरकत लिहायला बसलोय. नेमकं काय मागावं? 'आमच्यावर अन्याय झाला' एवढंच लिहिलं तर कागद फायलीत जाऊन झोपणार, हे कळतंय.

चावडीवरचा

पहिला! पॉपकॉर्नऐवजी भाजलेली सुकट घेऊन बसलोय.

तिरकी_रेघ

नगररचनेच्या कामात आहे, सरकारी नोकरीत नाही, तेव्हा मोकळेपणाने लिहितो.

चूक आराखड्यात दिसतेय, पण झालीय त्याच्या आधी. १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याप्रमाणे आराखड्याआधी विद्यमान जमीन वापराचा नकाशा करावा लागतो, कलम २५. तो नकाशा पहिल्यांदा मिळवा. त्यात तुमचं खळं 'मोकळी जागा' नाहीतर 'पडीक' असणार, पैज लावतो. सर्वेक्षणाचा माणूस पावसाळ्यात आला असेल तर त्याला काय दिसलं? वलांड्या उतरवलेल्या, जमीन ओली, होड्या ताडपत्रीखाली, माणूस नाही. त्याने तसं रंगवलं. पुढच्या टेबलावरच्याला लोकसंख्येच्या प्रमाणात बागा दाखवायच्या असतात, त्याला मोकळा तुकडा दिसला, त्याने बाग टाकली. कोणी कट केला नाही. म्हणूनच हरकतीत राग कमी आणि पुरावा जास्त हवा.

मुंबईत २०१५ सालचा मसुदा इतक्या चुकांचा निघाला की तो दुरुस्त करायला परत पाठवावा लागला, मंजूर व्हायला २०१८ उजाडलं. कोळीवाडे आणि गावठाणांच्या हद्दी कुठवर धरायच्या याचं भांडण मात्र त्यानंतरही चालूच राहिलं.

हरकत कलम २६ खाली जाते, सुनावणी नियोजन समितीपुढे होते. लेखी देऊन घरी बसू नका, सुनावणीला जा.

मुंबईचा_जावई

थोडं कडू लिहितो, राग मानू नये. कोळीवाड्यात आज प्रत्यक्ष समुद्रावर जाणारे किती उरलेत? मी पाहिलेल्या वस्त्यांत लोकांनी मजल्यावर मजले चढवून खोल्या भाड्याने दिल्यात. म्हणजे धंदा भाड्याचा आणि सवलत मच्छीमार म्हणून. शिवाय किनारा सगळ्या गावाचा. बाकीच्या लोकांनी संध्याकाळी समुद्रावर बसू नये का? आणि वासाचं कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. शेजारी राहणाऱ्यांचं काय?

रापणकर

वासाचा काय घेवन बसलात! ताटात सुरमय इली की तो वास खय जाता?

मधुरा_जोगळेकर_नव्हे

रापणकर =)) पण जावईबापूंचा प्रश्न अगदीच टाकाऊ नाही. भाड्याचं खरं आहे, तेवढं उत्तर द्या कोणीतरी.

सागरिका_को

देते. आमच्याही माडीवर भाडेकरू आहेत. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. बोट उभी, डिझेल नाही, पण पोरांच्या शाळेची फी जूनमध्येच भरायची असते. मग खोलीचं भाडंच कामाला येतं. ते भाडेकरू कोण? एक कुटुंब बर्फाच्या कारखान्यातलं, दुसऱ्या खोलीत आमच्याच शेजारच्या बोटीवरचे खलाशी. उद्या पुनर्विकासात भाडेकरूला जागा नाही, तर खलाशी राहणार कुठे आणि बोट चालवणार कोण, हा वेगळाच प्रश्न.

'किती उरलेत' याबद्दल: सर्वेक्षणाच्या फॉर्मवर 'कुटुंबप्रमुखाचा व्यवसाय' असा एकच रकाना होता. माझा नवरा रिक्षा चालवतो. म्हणून आमचं घर 'रिक्षाचालक'. मी पहाटे बंदरावर लिलावात म्हावरं उचलते, बाजारात बसते, उरलेलं सुकवते. सासू सोडे सोलते. हे त्या रकान्यात कुठे लिहायचं? अशी घरं काढून टाकल्यावर मच्छीमार कमीच दिसणार ना दादा.

तिरकी_रेघ

हा रकाना हरकतीत सगळ्यात वर घ्या ताई. खूप महत्त्वाचं लिहिलंत.

उरणची_वाट

आमच्याकडचं सगळ्यांना माहीत असायला हवं. न्हावा-शेवा बंदरासाठी जुना शेवा कोळीवाडा १९८० च्या दशकात उठवला आणि उरणला हनुमान कोळीवाडा म्हणून वसवला. कागदावर पुनर्वसन पूर्ण. प्रत्यक्षात घरांना वाळवी लागली, ती भिंती-चौकटी खात सुटली, आणि लोक वर्षानुवर्षं पुन्हा पुनर्वसन मागत राहिले. अगदी बंदराकडे येणाऱ्या जहाजांची वाट होड्या लावून अडवण्यापर्यंत गोष्ट गेली.

दुसरं. खाडीत भराव, कांदळवनाची तोड आणि भरतीच्या पाण्याला अडथळा, यासाठी पारंपरिक मच्छीमार हरित लवादात गेले. २०१५ मध्ये लवादाने १,६३० कुटुंबांना ९५ कोटींहून जास्त भरपाई देण्याचा आदेश केला. बंदर, ओएनजीसी आणि सिडको यांनी मिळून द्यायची. आकडा मोठा वाटतो. भागाकार करा, कुटुंबामागे सहा लाखांच्या आसपास. उरणमध्ये सहा लाखांत काय येतं ते मुंबईच्या जावयाने सांगावं.

मुंबईचा_जावई

सहा लाखांत पार्किंगही येत नाही, मान्य. पण तुमचं उदाहरण बंदराचं आहे. इथे नगरपरिषद बाग करतेय. दोन्ही एकाच तराजूत घालू नका.

नवा_तांडेल

नाव तांडेल, पण मी तांडेल, म्हणजे बोट चालवणारा प्रमुख, होणार नाही हे आधीच सांगतो. आयटीआय केलंय, नोकरी करतो. कोळीवाड्यातच जन्म.

इथे सगळे खळं-खळं करतायत. जरा गल्लीचंही बोला. आमची गल्ली इतकी अरुंद आहे की समोरून पाटी घेऊन बाई आली तर आपण कोणाच्या तरी ओटीवर चढायचं. बायकोला रात्री कळा सुरू झाल्या तेव्हा ॲम्ब्युलन्स नाक्यावर उभी आणि आम्ही चौघं तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, वर जाळ्याचा दोर बांधून, गुडघाभर पाण्यातून नेतोय. मला लिफ्टची बिल्डिंग पाहिजे. ज्यांना कोळीवाड्याचे फोटो काढायला आवडतं त्यांनी एक पावसाळा राहून दाखवावा.

फक्त एक अट. जागा आमच्या नावावर पाहिजे. आज घराखालची जमीन सरकारी नोंदीत. घरपट्टी आम्ही भरतो, वीजबिल आमच्या नावावर, पण बँकेत कर्ज मागायला गेलो की पहिला प्रश्न 'टायटल?' मिळकत पत्रिका नाही म्हणून कर्ज नाही, कर्ज नाही म्हणून स्वतः घर बांधता येत नाही, आणि स्वतः बांधता येत नाही म्हणून बिल्डर. हा चक्कर कोण तोडणार?

सागरिका_को

नवा_तांडेल, तुझं-माझं भांडण नाही रे. लिफ्ट मलाही पाहिजे. लिफ्टच्या बदल्यात खळं जाऊ नये, एवढंच.

तिरकी_रेघ

तांडेलांनी मूळ दुखण्यावर बोट ठेवलंय. जमिनीची नोंद नसली की वस्ती झोपडपट्टी ठरवणं सोपं होतं, आणि तशी ठरली की ३०० चौरस फुटांचा झोपु (झोपडपट्टी पुनर्वसन) योजनेचा हिशेब लागू. घर जुनं, पिढ्यान्‌पिढ्यांचं, ओटी-माडी धरून त्याच्या दुप्पट असेल, तरी हातात तेवढंच. म्हणून 'आमची वस्ती झोपडपट्टी म्हणून घोषित करू नये, आधी सीमांकन करावं' हे पहिलं वाक्य. सीमांकनात फक्त छपरं मोजायची नाहीत. खळं, बंदर, होड्या ओढायची जागा, देवळासमोरचं मैदान, समुद्राकडे जाणारी वाट, सगळं आत धरायचं.

उपाय_आहे

अहो, एवढं काय? इमारतीच्या गच्चीवर सौर वाळवणी यंत्रं बसवा. स्वच्छ, धूळ नाही, माश्या नाहीत, दर चांगला मिळतो. जमीन मोकळी. इंजिनियर म्हणून सांगतो, तंत्रज्ञान उपलब्ध आहे.

बंदरावरची_मावशी

बाळा, यंत्र चांगलं हाय. आमच्या बचत गटान एक बघितलं. जवळा, सोडे, थोडं बांगडं, त्याला बरं. पन डोलीला, म्हंजे आमच्या जाळ्याला, बोंबील लागतो तवा टोपल्यांनी नाय, टेम्पोनी येतो. दोन-दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवाची नि दोरीवर टाकाची, एक इकडं लोंबतो एक तिकडं. मीठ नाय, काय नाय. वारा दोन्हीकडून लागला पायजे, नायतर आत पानी रवतं नि मऊ पडतो. कडक ऊन असलं तरी तीन-चार दिस जातात. आनि ती ओली टोपली गच्चीवर लिफ्टनी नेशील तर लिफ्टमधली तुझी शेजारीन काय बोलंल?

चावडीवरचा

मावशी रॉक्स, इंजिनियर शॉक्स.

उपाय_आहे

ठीक आहे, गच्ची राहू द्या. पण पावसाळी हवेत भिजून जाणारा माल वाचवायला तळमजल्यावर, बंदराजवळ, संस्थेच्या मालकीचं यंत्र असायला काय हरकत आहे? वलांडी अधिक यंत्र असं म्हणतोय.

बंदरावरची_मावशी

ह्ये चालंल.

स्वयंपाकघरातून

अवांतर: ताज्या बोंबलाचं पाणी काढायला वर पाटा ठेवतात तसं सुक्याला काही करावं लागतं का? माझं कालवण नेहमी रबरासारखं होतं.

बंदरावरची_मावशी

भाजून घे आधी, मग तुकडं करून कोमट पान्यात थोडाच टाईम. वांगं घाल. जास्त शिजवू नको.

व्यवस्थापक

पाककृतींसाठी वेगळा विभाग आहे. वरचा एक प्रतिसाद जातीवरून असल्यामुळे काढून टाकला आहे. विषयावर राहा.

वरळी_सीफेस_कर

सागरी किनारा मार्गाचं उदाहरण तुमच्या सुनावणीत कामाला येईल. वरळी कोळीवाड्याच्या क्लीव्हलँड बंदरातून बोटी जिथून बाहेर पडतात तिथेच पुलाचे खांब येणार होते. दोन खांबांत ६० मीटर अंतर ठेवलं होतं. कोळी म्हणत होते २०० हवं. बोट तर काही मीटर रुंद, मग एवढं कशाला, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. पण तिथे लाट आहे, वारा आहे, खडक आहेत, समोरून दुसरी बोट येतेय, आणि इंजिन बंद पडलं तर वाहत जायला जागा लागते. बराच काळ काम अडलं, शेवटी एक खांब कमी करून १२० मीटरवर तडजोड झाली. नाखव्यांना नकाशा काढताना विचारलं असतं तर ती रस्सीखेच वाचली असती.

अजून एक. बोटवाले निदान दिसतात. ओहोटीला खडकांत कालवं, शिंपल्या वेचणाऱ्या बाया कोणाच्याच यादीत नसतात. बोट नाही, परवाना नाही, संस्थेचं सभासदत्व नाही. भराव पडला की त्यांचं उत्पन्न संपलं आणि ते होतं याचा पुरावाही संपला.

मुंबईचा_जावई

हा मुद्दा पटला. पण मग यादी कशी करणार? उद्या सगळा गाव म्हणेल आम्ही शिंपल्या वेचत होतो.

वरळी_सीफेस_कर

म्हणेल ना. म्हणून यादी प्रकल्प जाहीर होण्याआधी करायची, भरपाईचा विषय निघाल्यावर नाही. ओहोटीच्या वेळेला जाऊन उभं राहायचं, कोण येतं ते दिसतं.

चेन्नईवासी

बरीच वर्षं चेन्नईत आहे. मरीनाच्या लूप रोडवर नोचिकुप्पमच्या बायका रस्त्याच्या कडेला मासे विकत, मागे वस्ती, पुढे समुद्र. २०२३ मध्ये वाहतुकीला अडथळा म्हणून उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, महापालिकेने पाट्या उचलायला सुरुवात केली, लोक रस्त्यावर बसले. त्यांचं म्हणणं सोपं होतं: वस्ती आणि वाळू आधी होती, त्यांच्यामधून रस्ता नंतर काढलात. पुढच्या वर्षी तिथेच नवं मासळी बाजार संकुल उघडलं. जागेवरच बाजार दिला, ही त्यातली जमेची बाजू.

उलट उदाहरणही इथलंच आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर शहरातली काही मच्छीमार कुटुंबं सेम्मनचेरीसारख्या आतल्या वसाहतींत हलवली. पहाटे बोट लागते तेव्हा बस कुठली मिळणार?

कोट्टयमची_सून

केरळात पुनर्गेहम म्हणून योजना आहे. भरतीरेषेपासून ५० मीटरच्या आत राहणाऱ्या कुटुंबाला जागा आणि घर मिळून १० लाख रुपये, त्यातले ६ जागेसाठी. समुद्र घर गिळतोय तिथे ही गरजच आहे. पण किनाऱ्याजवळ ६ लाखांत जागा मिळत नाही, मग माणूस आत जातो आणि होडी, जाळं किनाऱ्यावर राहतं. सक्ती नाही म्हणतात, पण दर पावसाळ्यात भिंत पडत असेल तर निवड कसली?

तिरकी_रेघ

आता कायद्याचं, कारण हा धागा भरकटण्यात पटाईत आहे.

२०११ च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेने किनाऱ्यालगतच्या ना-विकास पट्ट्यातही मच्छीमारांसाठी मासळी वाळवण्याच्या जागा, लिलावगृह, जाळी दुरुस्तीची जागा, पारंपरिक होडीबांधणी, बर्फ कारखाना अशा सोयींना वाव ठेवला. मुंबईतल्या कोळीवाड्यांबद्दल वेगळी तरतूदही होती. २०१९ च्या अधिसूचनेत किनारा व्यवस्थापन आराखड्यांत मच्छीमारांच्या दीर्घकालीन घरगरजांची योजना असावी असंही म्हटलंय. पण त्याच २०१९ मध्ये दाट लोकवस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर, म्हणजे चौरस किलोमीटरला २,१६१ हून जास्त लोक असतील तिथे, ना-विकास पट्टा २०० मीटरवरून ५० वर आणला. मोकळी झालेली १५० मीटर कोण घेणार? ज्याच्याकडे पैसा आणि सातबारा दोन्ही आहेत तो.

थोडक्यात, वाळवायला परवानगी आहे, पण वाळवायची जागा कोणत्याही नकाशावर आरक्षित नाही. जी परवानगी जमिनीला चिकटलेली नाही ती विहारपथाच्या पहिल्या निविदेत वाहून जाते. म्हणून मागणी 'बाग रद्द करा' अशी करू नका. 'या गट क्रमांकांवरचं उद्यानाचं आरक्षण बदलून मासळी वाळवण, जाळी दुरुस्ती व होडी उभारणी यासाठी आरक्षण करावं' अशी करा. त्यांना नकाशावर रंग भरायचाय, तुम्ही रंग सुचवा.

मुंबईचा_जावई

आणि विहारपथ? की तो गेलाच?

सागरिका_को

नाही गेला. बोंबलाचा हंगाम सोडून आमच्या खळ्याच्या कडेने गाव फिरायला येतंच, पोरं क्रिकेट खेळतात. पथ वस्ती आणि खळं यांच्या मधून न नेता उत्तरेकडून वळवता येतो. तिथे सरकारी पडीक जमीन आहे, खरी पडीक. बघायला येणाऱ्याने बोंबील विकत घेतले तर उलट बरंच. वाहनतळ मात्र बंदराच्या वाटेवर चालणार नाही, बर्फाचा टेम्पो आत येणार कुठून?

पाटीवाली_वकील

बाजाराचं कोणी लिहिलं नाही. पथविक्रेता कायदा २०१४ चा, त्याप्रमाणे नगर पथविक्रेता समितीत ४० टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडून आलेले हवेत आणि त्यातल्या एक तृतीयांश स्त्रिया. तुमच्या गावात ही समिती आहे का, विचारा. माझ्याकडे येणारी निम्मी प्रकरणं अशी: ओट्याचा परवाना वारलेल्या सासूच्या नावावर, सून रोज बसते, बाजाराचं नूतनीकरण निघालं की 'परवानाधारक हजर नाही' म्हणून ओटा कमी. नावं आत्ताच बदलून घ्या, बांधकाम सुरू झाल्यावर कोणी ऐकत नाही. नव्या बाजारात वाहतं पाणी, सांडपाण्याची नाळ, बर्फाची पेटी ठेवायला जागा आणि बायकांसाठी स्वच्छतागृह आराखड्यातच दाखवायला लावा. दिवसभर संडासला जायला नको म्हणून पाणी न पिणाऱ्या बायका मी पाहिल्यात.

सागरिका_को

कच्चा मसुदा असा झालाय, चिरफाड करा.

विद्यमान वापर नकाशात खळं आणि बंदराची वाट दाखवून दुरुस्ती करावी. उद्यानाऐवजी वरचं आरक्षण, जमीन मच्छीमार सहकारी संस्थेकडे कायम वापरासाठी. कोळीवाडा झोपडपट्टी म्हणून घोषित न करता सीमांकन आणि मिळकत पत्रिका. मच्छीमार कुटुंबाची मोजणी प्रत्येक माणसाच्या कामावरून, कुटुंबप्रमुखाच्या नाही. सांडपाणी प्रक्रियेशिवाय खाडीत सोडू नये, कारण डोलीत आता माशांइतक्या पिशव्या येतात. गल्लीतून ॲम्ब्युलन्स आणि अग्निशमनाची गाडी जाईल अशी एक तरी रुंद वाट, घरं न उठवता जिथून शक्य आहे तिथून. खलाशांसाठी भाड्याच्या खोल्या.

नवा_तांडेल

'शक्य आहे तिथून' लिहिलंत की ती वाट कधीच होणार नाही. नकाशावर काढून द्या. माझ्या घराची पडवी गेली तरी चालेल, लेखी देतो. आणि पत्रिका नवरा-बायको दोघांच्या नावावर.

बंदरावरची_मावशी

बायकोचं नाव आधी टाक.

तिरकी_रेघ

मसुदा चांगला आहे. एका जागी अडखळलो: संस्थेकडे कायम वापर. संस्थेत बोटमालकच सभासद असतील तर सुकवणाऱ्या बाया पुन्हा बाहेर. आधी संस्थेचा ठराव घ्या की सुकवणाऱ्या आणि विकणाऱ्या बायकांना सभासदत्व देणार. सुनावणीत समोरून पहिला प्रश्न हाच येईल, आणि तो रास्त असेल.

सागरिका_को

इथेच गाडी अडणार आहे. गेल्या सभेत हा विषय निघाला तर तिघं बोटमालक उठून गेले. त्यातला एक माझा सख्खा काका.

पाटीवाली_वकील

मग ठरावाची वाट बघू नका, मुदत निघून जाईल. बायकांच्या बचत गटाची वेगळी हरकत त्याच गट क्रमांकांवर टाका, दोन्हींवर आवक शिक्का घ्या. आणि फोटो कडक उन्हाळ्याआधीचे, वलांड्या भरलेल्या असतानाचे, मागे काहीतरी ओळखीची खूण येईल असे. काकांना नंतर बघू.

सागरिका_को

फोटो आहेत, मागे दीपस्तंभ येतो. मावशीच्या गटाची हरकत आज रात्री लिहायला घेतो.